ग्रीक चषकाची दुरुस्ती आणि पदरची रेघ

आपण युरोपातील एका संग्रहालयात अथेन्समध्ये घडवलेला, इ. स. पूर्व पाचव्या शतकाच्या आरंभीचा एक चित्रांकित मद्यचषक पाहिला. घरी आल्यावर त्याच संग्रहालयाच्या जुन्या सूचिपुस्तकातील त्याचे छायाचित्र आपल्याला मिळाले, आणि त्यात चषकाच्या आतल्या वर्तुळात बैठकीवर रेललेल्या तरुणाचा चेहरा पूर्ण व स्पष्ट दिसतो. आज मात्र त्या चेहऱ्याच्या जागी विटकरी रंगाचा एक कोरा, सपाट तुकडा आहे. धडधाकट चषक दुरुस्तीला नेला आणि चेहरा घालवून परत आणला, याला जतन म्हणायचे की नासधूस, असे आपण विचारले आहे. शिवाय अशा भांड्यांची दुरुस्ती प्रत्यक्षात कशी करतात, हेही आपल्याला जाणून घ्यायचे आहे. प्राचीन मातीच्या भांड्यांचे जतन हेच माझे गेल्या सव्वीस वर्षांचे काम असल्यामुळे दोन्ही प्रश्नांचे उत्तर जरा विस्ताराने देतो.

पहिले उत्तर आधी. आपण पाठवलेली दोन्ही छायाचित्रे शेजारी ठेवून मी भिंगाखाली पाहिली. जुन्या छायाचित्रात चषकभर बारीक सांधे दिसतात. ते तरुणाच्या खांद्यातून, कोपराखालच्या उशीतून आणि मागच्या काळ्या पार्श्वभूमीतून बिनदिक्कत आरपार जातात. चेहऱ्याच्या हद्दीत मात्र त्यातला एकही शिरत नाही. सगळे हनुवटीपाशी आणि कानाच्या अलीकडे येऊन थांबतात. भांडे फुटताना तडा काही चेहरा पाहून वाट वाकडी करत नाही, त्यामुळे याचा अर्थ एकच निघतो: तो भाग मूळ मातीचा नव्हताच. तिथले खापर केव्हाच हरवले होते, त्या जागी प्लास्टर भरले होते, आणि त्या प्लास्टरवर कोणी तरी, बहुधा एकोणिसाव्या शतकात, आपल्या कल्पनेने एक चेहरा काढला होता. आमच्या कामात अशा गोष्टीला आम्ही पदरचे घालणे म्हणतो. आपण जो चेहरा हरवला असे समजता तो ग्रीक चित्रकाराचा नव्हता. तो काढून टाकल्यामुळे आता निदान चित्रकाराचा हात कुठे संपतो हे दिसते. माझ्या मते संग्रहालयाने योग्य तेच केले.

हे मत का, ते समजण्यासाठी ही वस्तू कशी घडली ते पाहावे लागते. ग्रीक भाषेत किलिक्स म्हणतात तो हा चषक म्हणजे रुंद, उथळ वाडगा, त्याखाली बारीक दांडा, दांड्याखाली चपटी बैठक आणि दोन बाजूंना आडवे वळलेले दोन कान, म्हणजे धरण्याच्या कड्या. पुरुषांच्या मद्यगोष्ठीत डाव्या कोपरावर रेलून तो उजव्या हाताने उचलत. पाणी मिसळलेले मद्य संपत आले की तळाचे वर्तुळचित्र हळूहळू उघडे पडे, आणि पिणाऱ्याने चषक तोंडाला लावला की बाहेरच्या बाजूचे चित्र समोरच्यांना दिसे. कोत्ताबोस नावाच्या खेळात तर तळाशी उरलेले चार थेंब बोटात कान अडकवून, चषक गरकन फिरवून नेमावर फेकत. म्हणजे ही वस्तू हातात फिरावी, कलंडावी, आतून आणि बाहेरून पाहिली जावी यासाठीच घडवलेली आहे. आपण ती काचेआड, एकाच उंचीवर, स्थिर पाहतो, आणि तिच्या दुरुस्तीच्या अनेक अडचणी तिच्या या दुहेरी दर्शनातच दडलेल्या आहेत.

वाडगा आणि बैठक चाकावर वेगवेगळी काढत आणि माती अर्धवट वाळली की एकमेकांना जोडत. मोठ्या चषकातसुद्धा भिंतीची जाडी जेमतेम चार-पाच मिलिमीटर असते. चित्रकार आधी बोथट टोकाने ओल्या अंगावर कच्चा आराखडा ओढी. त्याच्या पुसट खाचा प्रकाश तिरपा पाडला की आजही दिसतात, आणि पुष्कळदा अंतिम चित्र त्या आराखड्यापासून बदललेले असते. इ. स. पूर्व ५३० ते ५२० च्या सुमारास अथेन्समध्ये लाल आकृतींची पद्धत सुरू झाली. तीत आकृती मातीच्या रंगाची राखून भोवतालची जागा काळी भरत आणि आतले तपशील रेषांनी काढत. त्याआधीच्या पद्धतीत आकृती काळी भरून तपशील अणकुचीदार टोकाने कोरून काढत.

हा काळा रंग म्हणजे वेगळे रंगद्रव्य नव्हे. अथेन्सजवळची माती लोहयुक्त आहे. तीच माती पाण्यात कालवून, जड कण खाली बसू देऊन, वर तरंगणारा अतिसूक्ष्म गाळ आटवून लेप तयार करत. भट्टीत आधी हवा खेळती ठेवून तापमान ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास नेत. मग ओले सरपण टाकून आणि झडपा बंद करून हवा तोडत, तेव्हा ९०० अंशांच्या पुढे मागे सगळेच भांडे काळे पडे. शेवटी भट्टी निवत असताना पुन्हा हवा सोडत. सच्छिद्र अंगात हवा शिरून ते परत लाल होई, पण लेपाचा सूक्ष्म गाळ तोवर काचेसारखा मिटलेला असे, म्हणून तो काळाच राही. ही झिलई अडीच हजार वर्षे ओल्या मातीत राहूनही चकाकते. तिच्याशेजारी ब्रशने लावलेला कोणताही काळा रंग आज जुळला तरी वीस वर्षांनी वेगळा दिसतो; तो करडा पडतो, पिवळतो किंवा मंद होतो. आपल्याला जुन्या छायाचित्रात जो चेहरा अस्सल वाटला, तो कृष्णधवल छायाचित्रामुळे. रंगीत छायाचित्रात तो फरक लपला नसता.

पण रंगापेक्षाही रेषा अधिक बोलते. लाल आकृतींच्या चित्रात जी उठावाची रेघ असते, ती घट्ट लेपाने ओढलेली, पृष्ठभागावर किंचित उभी राहिलेली आणि डोळ्यांना दोऱ्यासारखी भासणारी रेघ आहे. नखाच्या कडेने ती जाणवते, अर्थात नख लावू नये. बर्लिनच्या संग्रहातला, १८२८ मध्ये इटलीतील वुल्ची येथे सापडलेला सोसियासचा चषक या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्याच्या बैठकीवर सोसियास या कुंभाराची सही आहे. चित्रकाराचे नाव मात्र ठाऊक नसल्यामुळे त्यालाही सोसियासचा चित्रकार असेच म्हणतात. ३२ सेंटिमीटर व्यासाच्या या चषकाच्या आत ट्रॉयच्या युद्धातला वीर अखिलेस आपला जखमी मित्र पात्रोक्लोस याच्या दंडाला पट्टी बांधतो आहे आणि पात्रोक्लोसने तोंड दुसरीकडे फिरवले आहे. वेदनेने त्याचे ओठ विलगलेले आहेत आणि आतले दात दिसतात. चिलखताचा एकेक खवला, पापण्यांचे केस, पट्टीची वळणे, सगळे त्याच एका जातीच्या रेघेने काढलेले आहे, आणि तरीही प्रत्येक ठिकाणी तिचा दाब वेगळा आहे. अशा हाताने काढलेला चेहरा हरवला असेल, तर तो कसा होता हे त्याच चित्रकाराच्या दुसऱ्या दहा चेहऱ्यांवरूनही सांगता येत नाही. ओठ मिटलेले होते की विलगलेले, एवढ्या एका गोष्टीने चित्राचा अर्थ बदलतो.

मग एकोणिसाव्या शतकात हे चेहरे सर्रास का काढले गेले? अथेन्सचे पुष्कळसे उत्तम चषक ग्रीसमध्ये नव्हे, तर इटलीत, एत्रुस्कन लोकांच्या थडग्यांत सापडले. त्या लोकांनी ते हौसेने मागवले आणि मृतांबरोबर पुरले. थडग्यांची छते कोसळली, चोरांनी वस्तू तुडवल्या, आणि चषकांचे तुकडे झाले. १८२८ पासून वुल्चीच्या परिसरात खोदकाम सुरू झाले, त्यात नेपोलियनचा भाऊ ल्युसिएँ बोनापार्ट हा प्रमुख जमीनमालक होता, आणि तिथून हजारांनी भांडी बाजारात आली. त्या काळच्या संग्राहकाला तुकडे नको होते. त्याला दिवाणखान्यात मांडायला पूर्ण भांडे हवे होते. नेपल्समधला राफाएले गार्जूलो यासारखे कारागीर या कामात इतके तरबेज होते की त्यांच्या हातची भर साध्या डोळ्यांनी ओळखणे अवघड जाई. त्यांना मी लबाड मानत नाही. त्यांच्या दृष्टीने तीच सेवा होती, आणि त्यांच्यामुळे कितीतरी तुकडे उकिरड्यात जाण्यापासून वाचले. पण त्यांनी खापरांच्या कडा कानशीने घासून सांधे सोपे केले, अंगावरची पुटे आम्लाने काढली, दुसऱ्याच भांड्यांची खापरे बसवली, आणि प्लास्टरवरचा रंग मूळ झिलईवरही दोन बोटे पसरवून सांधा झाकला. सांधण्यासाठी ते सरस किंवा लाख वापरत; ती लाख बंगाल आणि छोटा नागपूरच्या जंगलांतून युरोपात जात असे. ग्रीक चषकाच्या सांध्यातून आपल्या मुलखातली लाख खरवडून काढताना मला आजही क्षणभर थांबावेसे वाटते.

आता दुसरा प्रश्न. चषक कार्यशाळेत आला की पहिले कित्येक दिवस आम्ही त्याला फक्त पाहतो. साध्या प्रकाशात, तिरप्या प्रकाशात आणि अतिनील दिव्याखाली त्याची छायाचित्रे घेतो. अतिनील प्रकाशात जुनी लाख नारिंगी उजळते, पुष्कळशी इपॉक्सी चिकटद्रव्ये निळसर पांढरी दिसतात, आणि मूळ काळी झिलई मात्र अंधारीच राहते. त्यामुळे अंधाऱ्या खोलीत चषकावर जणू दुरुस्त्यांचा नकाशाच उमटतो. क्ष-किरण चित्रात दांड्यात ठोकलेली धातूची खुंटी दिसते, प्लास्टरच्या सीमा दिसतात. परके खापर ओळखायला मात्र यंत्रापेक्षा नजर उपयोगी पडते: चाकावर वाडगा काढताना राहिलेली वलये शेजारच्या तुकड्याशी जुळतात का, जाडी बाहेरच्या बाजूला हळूहळू कमी होते का, वळण एकाच वर्तुळाचे आहे का.

यानंतर जुने सांधे सोडवायचे. नवख्याचा पहिला मोह चषक द्रावकात बुडवण्याचा असतो, आणि तोच मुळावर येतो. जुने चिकटद्रव्य द्रावक पिऊन एकदम फुगते आणि फुगताना खापराच्या कडेचा कण सोबत उपटते. म्हणून आम्ही चषक बंद पेटीत ठेवून शेजारी द्रावकात भिजवलेला कापूस ठेवतो आणि केवळ वाफेने सांधा सैल होऊ देतो. लाखेला मद्यार्क आणि नायट्रोसेल्युलोजच्या चिकटद्रव्याला अ‍ॅसिटोन चालते. याला कधी एक रात्र लागते, कधी आठवडा. दीडशे वर्षे जुनी लाख मूळ लाखेसारखी सहज विरघळत नाही, आणि इपॉक्सी तर जवळपास विरघळतच नाही, ती फक्त मऊ होऊन सोलावी लागते. ज्या सांध्याला हात लावण्याची गरज नाही, जो घट्ट आणि योग्य जागी आहे, तो मी सोडवत नाही. केवळ हाताला सवय आहे म्हणून संपूर्ण भांडे सुटे करणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्याशी मी कधीही सहमत झालो नाही.

साफसफाईत सर्वांत वाईट वारसा आम्लाचा असतो. जमिनीतली चुन्याची पुटे काढण्यासाठी जुन्या काळी भांडी हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवत. पुटे जात, पण आम्ल अंगात मुरे, मातीतला चुना खाई आणि मागे क्लोराइडचे क्षार सोडी. दमट हवेत हे क्षार विरघळतात, कोरड्या हवेत स्फटिक होऊन फुलतात, आणि फुलताना वरची झिलई पापडीसारखी उचलतात. प्लास्टरमधूनही असेच क्षार खापरात उतरतात. म्हणून सुटे झालेले तुकडे शुद्ध पाण्यात ठेवून, पाणी बदलत, त्यात किती क्षार उतरले हे कळण्यासाठी त्याची विद्युतवाहकता मोजत राहावे लागते. ती स्थिर होईपर्यंत पुढचे काम करायचे नाही. चुन्याचे पूट आज आम्ही शक्यतो भिंगाखाली, धारदार पात्याने, तेही पात्याच्या टोकाऐवजी कडेने काढतो. पांढऱ्या लेपावर रंगवलेले चषक, जसे डेल्फीच्या संग्रहालयातला पक्ष्यासमोर मद्यार्पण करणाऱ्या अपोलोचा चषक, यांच्या बाबतीत तर पाण्याचा बोळाही विचार करूनच लावावा, कारण तो लेप काळ्या झिलईसारखा मिटलेला नसतो.

इथे एक इशारा द्यावासा वाटतो, कारण ही चूक चांगल्या लोकांकडूनही होते. चषकाच्या आत कधी कधी काळ्या झिलईत लालसर गोल डाग दिसतो. भट्टीत एकावर एक चषक रचल्यामुळे वरच्याच्या बैठकीखाली पुरती वाफ पोहोचत नसे, त्याचा तो डाग आहे. जुन्या कारागिरांनी तो झीज समजून काळा करून टाकला. तो भट्टीच्या त्या दिवसाचा दाखला आहे, दोष नव्हे. तसेच म्युनिकमधल्या एक्सेकियास या चित्रकाराच्या चषकात आतली संपूर्ण बाजू मुद्दाम पोवळ्यासारखी लाल केलेली आहे. त्या लाल समुद्रात मद्याचा देव दिओनिसोस नावेत रेललेला असून डोलकाठीला द्राक्षवेल लगडली आहे आणि भोवती सात डॉल्फिन आहेत. हा लाल थर काळ्या झिलईपेक्षा फार नाजूक असतो आणि सहज सुटतो, म्हणून जिथे तो दिसेल तिथे आधी सुटू पाहणाऱ्या पापड्या बसवायच्या आणि मगच साफसफाईचा विचार करायचा.

जुळणीच्या टप्प्याला बाहेरून पाहणारे कोडे म्हणतात, पण कोड्याचे तुकडे सपाट असतात. चषकाचे तुकडे घुमटाच्या आकारात बसवायचे असतात आणि प्रत्येक सांध्यात आत-बाहेर दोन्ही चित्रे एकाच वेळी जुळली पाहिजेत. ३० सेंटिमीटर व्यासाच्या काठाचा परीघ सुमारे ९४ सेंटिमीटर होतो. त्या परिघावर बारा सांधे असतील आणि प्रत्येकात चिकटद्रव्याने केवळ पंचमांश मिलिमीटर जागा खाल्ली, तर शेवटच्या तुकड्यापाशी जवळजवळ अडीच मिलिमीटरची तूट येते आणि तो तुकडा बसतच नाही. म्हणून आधी चिकटद्रव्याशिवाय संपूर्ण चषक कोरडा जुळवून पाहायचा, कोणता तुकडा कोणाला अडवतो ते टिपायचे, तुकड्यांचा क्रम कागदावर लिहायचा, आणि मग बैठकीपासून वर, मधल्या चित्रापासून काठाकडे जायचे. तुकडे धरून ठेवायला बारीक वाळूचे तसराळे पुरते. गुरुत्वाकर्षणालाच काम करू द्यायचे. चिकटपट्टी झिलईवर लावायची झाली तर अगदी थोडी आणि थोडाच वेळ, कारण ती ओढताना झिलई निघालेली मी पाहिली आहे.

सांध्यासाठी आज जगभर पॅरालॉइड बी-७२ हे अ‍ॅक्रिलिक राळेसारखे द्रव्य अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून वापरतात. सांधण्याआधी त्याचेच पातळ द्रावण खापराच्या कडांना पाजले की ठिसूळ कडा भक्कम होतात आणि पुढे सांधा सोडवताना मूळ मातीचे कण त्याच्याबरोबर जात नाहीत. वर्षानुवर्षे ते पिवळत नाही आणि अ‍ॅसिटोनने पुन्हा विरघळते. माझ्या दृष्टीने हा त्याचा सर्वांत मोठा गुण. मात्र सुमारे ४० अंश सेल्सिअसला ते मऊ होऊ लागते. उत्तर युरोपच्या थंड दालनात याचा विचार करावा लागत नाही. पण मे महिन्यात विदर्भातल्या एखाद्या बिनवातानुकूलित भांडारात, किंवा उन्हात उभ्या राहिलेल्या मालमोटारीतल्या खोक्यात, याच द्रव्याने सांधलेला चषक आपल्याच वजनाने हळूहळू खचू शकतो. चषकाचा रुंद वाडगा बारीक दांड्यावर तोललेला असल्यामुळे दांड्याच्या सांध्यावर आणि कानांच्या मुळांवर सर्वाधिक ताण येतो. उष्ण प्रदेशात त्या सांध्यांसाठी अधिक तापमानाला टिकणारे, त्याच कुळातले दुसरे द्रव्य मिसळून वापरावे असा माझा सल्ला असतो. आणि कोणताही प्राचीन चषक कानाला धरून उचलू नये, मग तो कितीही भक्कम दिसो.

आता आपल्या प्रश्नाच्या मर्मापाशी, म्हणजे भरणीपाशी येऊ. जिथे तुकडा नाही तिथे भांडे उभे राहण्यासाठी आधार हवा असेल तरच भरावे. खापराच्या कडेवर आधी राळेचा पातळ पडदा द्यायचा, म्हणजे प्लास्टरचा ओलावा अंगात शिरत नाही. मग दंतवैद्य वापरतात तसल्या मेणाच्या पत्र्याचा आधार आतून देऊन रंगीत प्लास्टर भरायचे. शक्य असेल तिथे मी भरणीचा तुकडा वेगळा ओतून, घासून, मगच जागेवर चिकटवतो. उद्या खरे खापर सापडले, तर हा तुकडा न फोडता काढता यावा. हे काल्पनिक नाही. फ्लॉरेन्समधले फ्रांस्वा पात्र हे चषक नसून मोठे मिश्रणपात्र आहे. १९०० मध्ये एका रखवालदाराने लाकडी तिपाई फेकून त्याचे ६३८ तुकडे केले. ते पुन्हा जुळवले गेले, पण एक तुकडा तेव्हा हाती नव्हता, आणि तो १९७३ च्या दुरुस्तीत बसला. ओनेसिमोसने रंगवलेला आणि कुंभार म्हणून युफ्रोनिओसची सही असलेला, ट्रॉयच्या पाडावाचा भव्य चषक तर लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयाकडे १९८३ पासून टप्प्याटप्प्याने, तुकड्यातुकड्यांनी जमा होत गेला. त्याच्या बैठकीखाली एत्रुस्कन भाषेत हर्क्ले, म्हणजे हेराक्लिस, या देवाला अर्पण केल्याचा लेख आहे. तो इटलीतल्या चेर्वेतेरी येथील देवस्थानाचा होता हे त्यावरून ठरले आणि १९९९ मध्ये तो इटलीला परत गेला. त्या लेखावर कोणी रंग चढवून बैठक गुळगुळीत केली असती, तर काय झाले असते याची कल्पना करून पाहावी.

भरणीचा रंग मूळ मातीपेक्षा किंचित फिका आणि पृष्ठभाग केसभर खोल ठेवला, की दोन मीटरवरून चषक अखंड दिसतो आणि हातभर अंतरावरून भर वेगळी ओळखू येते. काठाची काळी पट्टी, बैठकीचा काळा रंग, यांत कल्पनेला जागा नाही, म्हणून त्या मी पुढे नेतो. आकृतीची रेघ मात्र मी ओढत नाही. वर्तुळचित्राभोवतीची चौकटीची नक्षी पुढे नेण्यालाही माझा विरोध आहे, जरी अनेक सहकारी ती पुढे नेतात. नक्षी ठरावीक असते, असे त्यांचे म्हणणे. प्रत्यक्षात दूरिससारखा चित्रकार नागमोडी पट्टीच्या मध्ये मध्ये फुलीचे चौकोन घालतो आणि किती वळणांनंतर घालतो हे त्याच्या हाताच्या ओळखीचा भाग मानले जाते. तिथे मोजदाद चुकवणारे दोन चौकोन मी कोणत्या अधिकाराने घालावेत?

आपण असे विचाराल की मग प्रत्येक जुनी दुरुस्ती काढून टाकावी का? नाही. प्राचीन काळीच झालेल्या दुरुस्त्या तर मुळीच काढू नयेत. हे चषक महाग होते, फुटले की मालक सांध्याच्या दोन्ही बाजूंना भोके पाडून शिशाच्या किंवा कांस्याच्या टाचांनी ते शिवून घेत. जर्मनीतल्या क्लाइनआस्पेर्गले येथील केल्टिक थडग्यात १८७९ मध्ये सापडलेल्या दोन अथेनियन चषकांवर, तडे सांधल्याच्या जागी, केल्टिक सोनारांनी पातळ सोन्याच्या पानांसारख्या पट्ट्या बसवल्या आहेत. तिथे दुरुस्ती हाच त्या चषकाच्या प्रवासाचा पुरावा आहे. एकोणिसाव्या शतकातल्या कामाचा निवाडा प्रत्येक भांड्यापुरता करावा लागतो. म्युनिकमध्ये असलेल्या, ग्रीसमधल्या एजिना बेटावरील मंदिरातल्या मूर्तींना शिल्पकार थोरवाल्डसेनने जोडलेले अवयव १९६० च्या दशकात काढले गेले, आणि ते काढल्याची हळहळ पुढे अनेक अभ्यासकांनी व्यक्त केली. म्हणून जुनी भर काढण्यापूर्वी तिची पूर्ण नोंद करायची, छायाचित्रे घ्यायची, आणि काढलेला रंगीत प्लास्टरचा तुकडा क्रमांक घालून डबीत ठेवायचा. आपण पाहिलेल्या चेहऱ्याचे बाबतीतही बहुधा असेच झाले असेल. संग्रहालयाला पत्र लिहून नोंद मागितलीत, तर ती आपल्याला दाखवली जाण्याची शक्यता मोठी आहे.

शेवटी माझ्या हातून गेलेल्या एका चषकाविषयी सांगतो, कारण तो आपल्या चषकासारखाच होता. त्यातही रेललेला तरुण होता आणि त्याच्या डोक्याचा पुढचा भाग प्लास्टरचा होता. जुन्या कारागिराने काढलेला चेहरा देखणा होता, त्याच्या नाकाची रेघ लांब आणि एकसारख्या जाडीची होती. प्लास्टरवरचा काळा रंग मूळ झिलईवर दीड इंच पसरला होता. तो बोळ्याने, मद्यार्काने, एका वेळी मोहरीएवढा, असा मी तीन दिवस काढत होतो. खाली स्वच्छ काळी झिलई निघाली, आणि काहीच नाही असे वाटले. संध्याकाळी दिवा विझवण्यापूर्वी सवयीने तो खाली, अगदी टेबलाच्या पातळीला आणला, तेव्हा चकाकीत तीन ठिकाणी चकाकी नव्हती. झिलईवर नंतर लावलेल्या लाल रंगाने पूर्वी अक्षरे लिहिलेली होती. रंग झडून गेला होता, पण जिथे तो होता तिथे पृष्ठभाग मंद राहिला होता. लाम्ब्दा, ओमिक्रॉन, सिग्मा ही ग्रीक अक्षरे. कालोस या शब्दाचा शेवट, म्हणजे देखणा. असे चषक अमुक मुलगा देखणा आहे असे सांगणाऱ्या लेखांनी भरलेले असतात, आणि या लेखाचा आरंभ हरवलेल्या खापरावर, तरुणाच्या तोंडापाशी, असणार. चेहरा काढणाऱ्याने ती मंद अक्षरे डाग समजून काळी करून टाकली होती.

ती अक्षरे आम्ही पुन्हा रंगवली नाहीत. आज तो चषक प्रदर्शनात आहे, चेहऱ्याच्या जागी विटकरी भरणी आहे, आणि समोर उभे राहिल्यास अक्षरे दिसत नाहीत. काचेच्या उजव्या बाजूला जाऊन, गुडघ्यांत वाकून, दिव्याचा प्रकाश झिलईवरून घसरतो तिथे पाहिले की तिन्ही दिसतात. आपल्या चषकापुढे पुन्हा जाणे झालेच, तर तसेच वाकून पाहावे.